मुंब्र्याचं वळण आणि अर्धा किलोमीटर कोस्टल रोड

९ जून २०२५, सोमवार. बकरी ईदचा तिसरा दिवस. मुंब्रा-कौसा भागात अनेक घरांत अजून कुर्बानीचं गोश्त वाटायचं काम चालू होतं, पाहुणे यायचे होते. ज्यांना सुट्टी नव्हती ते मात्र नेहमीसारखे सकाळीच स्टेशनकडे निघाले होते. नऊच्या सुमारास बातमी आली. कसाऱ्याहून सीएसएमटीकडे जाणारी फास्ट लोकल आणि समोरून कर्जतकडे जाणारी लोकल मुंब्र्याजवळच्या वळणावर एकमेकींना ओलांडत असताना दोन्ही गाड्यांच्या दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासली आणि रुळांवर पडली. त्या दिवशी चौघांचा जीव गेला, आणखी काही जण जखमी झाले. गेलेल्यांत एक रेल्वे पोलीसही होता. अल्लाह त्यांच्या घरच्यांना सब्र देवो.

या अपघाताला सगळीकडे 'मुंब्रा दुर्घटना' म्हटलं गेलं. पण त्या दोन्ही गाड्या फास्ट होत्या. मुंब्र्यातून चढणाऱ्या माणसाच्या त्या कामाच्याच नव्हत्या, कारण बहुतेक फास्ट लोकल इथे थांबत नाहीत. त्या आपल्या अंगावरून जातात एवढंच. त्या इथून का जाऊ लागल्या, हे समजून घेतलं की मुंबई महानगरात वाहतुकीवर होणाऱ्या खर्चाचं राजकारण बरंचसं उलगडतं.

त्याआधी अपघातानंतर झालेल्या चर्चेबद्दल थोडं. ती तीन दिशांनी गेली. पहिली दिशा दारांची. रेल्वे मंत्रालयाने त्याच दिवशी जाहीर केलं की यापुढच्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं असतील, आणि बिगर-एसी गाड्यांसाठीही तसं डिझाइन तयार केलं जाईल. दुसरी दिशा बॅगांची. पाठीवरची बॅग बाहेर आली, ती घासली, म्हणून माणसं पडली. आणि तिसरी दिशा आपल्या ओळखीची: बाहेरून येणारे लोंढे. राज ठाकरे यांनी गर्दीचा संबंध बाहेरून येणाऱ्या लोंढ्यांशी जोडला. दारं बंद केली तर आतली माणसं गुदमरतील, असंही ते म्हणाले, आणि या दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे हे मान्य करायला हरकत नाही. शहरांचं नियोजन कोणीच करत नाही, ही त्यांची तक्रारही खोटी नाही.

पण 'लोंढे' हा शब्द मुंब्र्याच्या बाबतीत वापरताना जरा थांबावं. मुंब्रा कसा भरला? १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईच्या वेगवेगळ्या मोहल्ल्यांतून कुटुंबं जीव मुठीत घेऊन खाडीच्या अलीकडे आली. त्यांची दुकानं, नोकऱ्या, मालक, कारखाने मात्र भायखळा, मशीद बंदर, कुर्ला, धारावी इथेच राहिले. पुढे मुंबईतल्या जुन्या चाळी पाडून टॉवर उभे राहू लागले तेव्हा भाडं न परवडणारे आणखी लोक आले. कोकणातून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातूनही आले, ते खरं आहे. पण यातला मोठा हिस्सा मुंबईचाच. मुंबईने ज्यांना बाहेर ढकललं त्यांनाच 'बाहेरचे' म्हणायचं, हे कसलं गणित? माणूस आपल्या पोटापासून तीस-चाळीस किलोमीटर लांब राहायला गेला, की लोकल ही त्याच्या पोटाची नाळ होते. भिवंडीचं, मीरा रोडचं, नालासोपाऱ्याचं यापेक्षा फार वेगळं नाही. आणि हे फक्त आपल्या कौमचं दुखणं नाही. गिरणगावातून डोंबिवली-बदलापूरला गेलेला मराठी कामगार त्याच दारात लटकलेला असतो.

आता वळणाकडे येऊ.

ठाणे ते दिवा हा मध्य रेल्वेचा गळा. कल्याणपलीकडून येणाऱ्या सगळ्या लोकल, आणि उत्तरेकडून, पुण्याकडून येणाऱ्या मेल-एक्सप्रेस याच नऊ-दहा किलोमीटरमधून जातात. इथे चारच रूळ होते. एक्सप्रेस आली की लोकल थांबवायची, हा रोजचा खेळ. म्हणून पाचवी आणि सहावी मार्गिका ठरली. २००८ मध्ये पायाभरणी झाली, २०१५ पर्यंत काम व्हायचं होतं. प्रत्यक्षात उद्घाटन झालं १८ फेब्रुवारी २०२२ ला. पंतप्रधानांनी उद्घाटनाच्या भाषणात उशिराचं खापर २०१४ पूर्वीच्या सरकारांवर फोडलं. ते अर्धं बरोबर आहे. उरलेली आठ वर्षं कोणाची, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि विरोधकांनीही विचारलं नाही. त्यांना आपली आधीची सहा वर्षं निघण्याची भीती असावी.

या मार्गिका सुरू झाल्यावर रुळांची मांडणी बदलली. पूर्वी फास्ट लोकल १९१६ च्या जुन्या पारसिक बोगद्यातून जायच्या, मुंब्रा-कळव्याला वळसा घालून. आता बोगदा मेल-एक्सप्रेसला दिला गेला आणि फास्ट लोकल कळवा-मुंब्रामार्गे आल्या. तेव्हापासून इथल्या वळणावर बसणाऱ्या झटक्यांची तक्रार प्रवासी करत होते.

अपघाताला रुळाची अवस्था जबाबदार की बाहेर आलेली बॅग, यावर रेल्वे पोलीस आणि रेल्वे प्रशासन यांचं एकमत झालेलं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये पोलिसांनी देखभालीत निष्काळजीपणा झाल्याचा ठपका ठेवून रेल्वेच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला. त्याविरोधात ६ नोव्हेंबरला संध्याकाळी ऐन गर्दीच्या वेळी कर्मचारी संघटनांनी सीएसएमटीला आंदोलन केलं, गाड्या थांबल्या, लोक उतरून रुळांवरून चालू लागले आणि सँडहर्स्ट रोडजवळ लोकलच्या धडकेत आणखी दोन प्रवासी गेले. एका अपघाताची जबाबदारी ठरवताना दुसरा अपघात. निकाल न्यायालय देईल. पण खालच्या अभियंत्याने रूळ नीट बघितला की नाही एवढ्यावरच ही चौकशी संपली, तर ज्यांनी पैसे कुठे खर्च करायचे ते ठरवलं ते सगळे सुटले असं समजा.

नव्या मार्गिकांमुळे ३६ जास्तीच्या लोकल फेऱ्या मिळाल्या. चौदा वर्षांच्या वाट पाहण्याचं फळ. पण त्यातल्या ३४ एसी होत्या. ज्याला दुसऱ्या वर्गाचा पास काढतानाही महिन्याचा हिशोब करावा लागतो, त्याच्यासाठी एसीचा पास कित्येक पटींनी महाग. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मध्य रेल्वेने साध्या गाड्यांच्या जागी आणखी १० एसी फेऱ्या आणल्या, तेव्हा कळव्याचे प्रवासी रुळांवर उतरले, बदलापूरला आंदोलन झालं आणि आठवडाभरात त्या फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. कळव्याची ती माणसं एसीच्या विरोधात नव्हती. त्यांची नेहमीची गाडी गेली होती, आणि मागच्या गाडीला दुप्पट गर्दी झाली होती. २०२५ मध्ये मुख्यमंत्री फडणवीस यांनी भाडं न वाढवता एसी लोकल देण्याची गोष्ट केली आहे. तसं झालं तर चांगलंच. दारं बंद असलेली, साध्या तिकिटाची गाडी यासारखं दुसरं काही नको. फक्त तो शब्द लेखी कुठे आहे, आणि नव्या गाड्या जुन्यांच्या जागी येणार की जास्तीच्या, हे विचारत राहायला हवं.

या सगळ्या मार्गिकांचा, पूल-उड्डाणपुलांसह खर्च किती आला? सरकारनेच दिलेला आकडा सुमारे ६२० कोटी रुपये.

हा आकडा लक्षात ठेवून जरा दक्षिणेकडे चला. मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंतचा कोस्टल रोड १०.५८ किलोमीटरचा. खर्च सुमारे १४ हजार कोटी. म्हणजे किलोमीटरला तेराशे कोटींच्या आसपास. ठाणे-दिव्याच्या त्या दोन मार्गिका, ज्यांच्यासाठी आपण चौदा वर्षं थांबलो, त्या कोस्टल रोडच्या अर्ध्या किलोमीटरच्या किमतीत झाल्या! समुद्रात भराव टाकून, बोगदे खोदून केलेला रस्ता आणि जमिनीवरचे रूळ यांची तुलना अभियंत्याला पटणार नाही, ते कबूल. बांधकाम वेगळं, काळ वेगळा. पण प्रश्न बांधकामाच्या दराचा नाही. प्रश्न आहे की कुठल्या कामाला पैसा कमी पडत नाही आणि कुठल्या कामाला वेळ कमी पडत नाही.

कोस्टल रोडवर दुचाकी आणि रिक्षा चालत नाहीत. त्यावरून एसी बस सुरू झाली आहे, पण बससाठी स्वतंत्र मार्गिका, जी मूळ आराखड्यात होती, ती कुठे दिसते ते सांगा. हाजी अलीच्या दर्ग्यासमोरून आता चारचाक्या सुसाट जातात, आणि जियारतीला येणारं कुटुंब महालक्ष्मी स्टेशनवर उतरून पूर्वीसारखंच चालत किंवा टॅक्सीने येतं. अटल सेतू घ्या. १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालेला २१.८ किलोमीटरचा हा पूल सुमारे १७,८४० कोटींचा. कारला एका वेळचा टोल २५० रुपये, दुचाकी-रिक्षाला मनाई. ठाणे-बोरिवली जोडबोगद्याचा जुलै २०२४ मधल्या भूमिपूजनावेळचा आकडा १६,६०० कोटी. ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह बोगदा वेगळाच. आणि सगळ्या मुंबईची लोकल ज्यावर अवलंबून आहे तो एमयूटीपी-३? डिसेंबर २०१६ ला मंजूर झाला तेव्हा १०,९४७ कोटी. त्यात विरार-डहाणू चौपदरीकरण, पनवेल-कर्जत मार्ग, ऐरोली-कळवा जोडमार्ग आणि नव्या गाड्या हे सगळं आलं. दहा वर्षं होत आली, आणि यादीतली मोठी कामं अजून चालूच आहेत.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं, आणि ते टाळून चालणार नाही. रेल्वे केंद्राची, कोस्टल रोड महापालिकेचा, अटल सेतू एमएमआरडीएचा. तिजोऱ्या वेगळ्या, कर्जं वेगळी. एकाचा पैसा दुसऱ्याला देता येत नाही. हे कायद्याने बरोबर आहे. पण एमयूटीपीच्या खर्चातला अर्धा वाटा राज्य सरकारचा असतो, त्यासाठी १९९९ पासून स्वतंत्र महामंडळ आहे. एमएमआरडीएने २०२५-२६ साठी चाळीस हजार कोटींचा अर्थसंकल्प मांडला, आणि ही संस्था राज्याच्याच हातात आहे. शिवाय बस तर पूर्णपणे इथलीच. तिला दिल्लीची परवानगी लागत नाही. मग बसचं काय झालं?

बेस्टच्या बसगाड्या एकेकाळी चार हजारांच्या वर होत्या. २०२५ मध्ये त्या तीन हजारांच्या खाली आल्या, आणि त्यातही बेस्टच्या स्वतःच्या थोड्या, बाकी कंत्राटदारांच्या. जुलै २०१९ मध्ये कमीत कमी भाडं ५ रुपये केलं तेव्हा लोक बसकडे परत येत होते. मे २०२५ मध्ये ते १० झालं, एसीचं ६ वरून १२. एका फटक्यात दुप्पट. ज्या शहरात दहा किलोमीटरच्या रस्त्यावर १४ हजार कोटी खर्च होतात तिथे बसच्या तोट्याबद्दल रडगाणं ऐकायचं? डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्याच्या एस. जी. बर्वे मार्गावर भाडेतत्त्वावरची इलेक्ट्रिक बस बाजाराच्या गर्दीत घुसली. तेव्हा ड्रायव्हरला त्या गाडीचं पुरेसं प्रशिक्षण मिळालं होतं का, हा प्रश्न पुढे आला. चार दिवस चर्चा झाली. बर्वे मार्गावर आजही फुटपाथवर चालायला जागा नाही.

ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर यांच्या परिवहन सेवांबद्दल बोलायचं तर मुंबईकर तरी नशीबवान. मुंब्र्याहून नवी मुंबईच्या कंपन्यांत जाणाऱ्या किंवा भिवंडीहून ठाण्याला शिकायला जाणाऱ्या माणसाला विचारा तो बसची वाट किती वेळ बघतो. शेवटी शेअर रिक्षा, तीही दोन-तीन टप्प्यांत.

राजकीय पक्षांचं भांडण मात्र दुसऱ्याच गोष्टीवर चालतं. कोस्टल रोडचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये उद्धव ठाकरे यांनी केलं, पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये एकनाथ शिंदे यांनी खुला केला. तेव्हापासून हा रस्ता कोणाचं स्वप्न, यावर वाद संपत नाही. एकमेकांवर घोटाळ्याचे आरोपही झाले. पण 'हा रस्ता आधी हवा होता की लोकल आधी', असा वाद दोघांपैकी कोणी घातला नाही. ज्या कामाच्या श्रेयासाठी पक्ष भांडतात त्या कामाला पैसा मिळतो. रेल्वेच्या जास्तीच्या रुळाचं श्रेय घ्यायला कोणी पुढे येत नाही. ते काम बॅनरवर छापून उठावदार दिसत नाही, आणि पूर्ण होईपर्यंत तीन सरकारं बदलतात. ज्यांच्या डोळ्यांसमोर एमएमआरडीएचं 'महानगरात कुठूनही कुठेही ५९ मिनिटांत' हे चित्र आहे, त्यांनी सकाळी साडेसातला मुंब्र्याच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून पहिली चढता येणारी गाडी किती मिनिटांनी मिळते ते मोजावं.

साधं गणित करून बघू. गर्दीच्या वेळी बारा डब्यांची एक लोकल चार-साडेचार हजार माणसं नेते. रेल्वेच्याच भाषेत, एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ जण उभे. कारमध्ये सरासरी दीड माणूस धरला, तर एका लोकलची माणसं न्यायला तीन हजार कार लागतील. मुंबईच्या लोकल दिवसाला सुमारे ७५ लाख प्रवासी नेतात. त्यातल्या दहापैकी एकाचा प्रवास जरी थोडा मोकळा झाला, तरी तो फायदा कुठल्याही पुलावरच्या सगळ्या गाड्यांपेक्षा मोठा असेल. आणि हे न करण्याची किंमतही माहीत आहे: उपनगरी रेल्वेवर दर वर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. रूळ ओलांडताना सर्वात जास्त, त्यानंतर गाडीतून पडून.

मेट्रो येतेय ना, असं कोणी म्हणेल. भिवंडीचा अनुभव बघा. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो-५ चं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं, खर्च ८,४१६ कोटी, लांबी सुमारे २५ किलोमीटर. भिवंडीसारख्या शहरात, जिथे २०११ च्या जनगणनेतच सात लाखांवर लोक होते, लूम आणि गोदामांवर सगळा देश अवलंबून आहे आणि रेल्वे म्हणजे वसई-दिवा मार्गावरचं एक स्टेशन, तिथे मेट्रोची गरज कोणी नाकारणार नाही. पण ती शहरातून खांबांवर न्यायची ठरली तेव्हा शेकडो दुकानं-घरं पाडावी लागतील असं दिसलं. विरोध झाला. शेवटी धामणकर नाका ते टेमघर हा भाग भुयारी करायचा निर्णय झाला. घरं वाचली, पण वर्षं गेली. हा निर्णय पहिल्याच दिवशी का झाला नाही? कारण आराखडा काढताना धामणकर नाक्यावरच्या दुकानदाराला कोणी विचारलं नव्हतं.

ऐरोली-कळव्याची गोष्ट तर याहून अवघड आहे, आणि इथे आपल्यालाही स्वतःला प्रश्न विचारावा लागतो. कल्याण-डोंबिवली-मुंब्र्याकडून नवी मुंबईला जाणाऱ्या लाखो लोकांना आज ठाण्याला उतरून गाडी बदलावी लागते. ठाण्याचे ते पूल, ती चेंगराचेंगरी आपण सगळेच जाणतो. कळव्याहून थेट ऐरोलीकडे उन्नत मार्ग झाला तर ही सगळी गर्दी ठाण्याबाहेरच वळेल. त्यातलं दिघा गाव स्टेशन तयार झालं, जानेवारी २०२४ मध्ये सुरूही झालं. पण पुढचा मार्ग अडकलाय, कारण त्यात कळव्याकडच्या झोपड्यांतली शेकडो कुटुंबं येतात आणि त्यांच्या पुनर्वसनाचं ठरत नाही.

आता सांगा, आपण काय मागायचं? 'काम लवकर करा' म्हटलं तर बुलडोझर कोणाच्या दारात येणार हे ठरलेलं. 'घरं हलवू नका' म्हटलं तर गाडीच्या दारात लटकणाराही आपलाच. मला वाटतं, या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध आहेत असं मानणं हीच चूक आहे. शेकडो कुटुंबांना त्याच भागात, रेल्वेच्या जवळ पक्की घरं द्यायला जो खर्च येईल तो कोस्टल रोडच्या एका किलोमीटरपेक्षा जास्त असेल यावर विश्वास बसत नाही. पैसा अडत नाही. अडतं ते हे, की त्या घरांची किल्ली आधी द्यायची की पाडापाडी आधी करायची, यावर कुठल्याच पक्षाला शब्द द्यायचा नाही. आणि आपले स्थानिक पुढारी? ते निवडणुकीला झोपडीवाल्यांकडे जाऊन म्हणतात, कोणी हात लावणार नाही. मग स्टेशनवर येऊन म्हणतात, फास्ट गाडीचा थांबा मिळवून देतो. दोन्हीकडे टाळ्या मिळतात. पुनर्वसनाची तारीख मात्र कोणीच विचारत नाही.

फास्ट लोकलच्या थांब्याची मागणी रास्त आहेच. मुंब्रा-कळव्याचे आमदार जितेंद्र आव्हाड, ठाणे-कल्याणचे इतर लोकप्रतिनिधी, प्रवासी संघटना रेल्वेकडे गाऱ्हाणी नेत आले आहेत. पण नुसता थांबा म्हणजे आधीच भरून आलेल्या गाडीत आणखी माणसं. गाडी रिकामी यायला हवी असेल तर ती ठाणे किंवा मुंब्रा-दिव्यापासून सुटायला हवी. बाया-माणसं सकाळी आधी उलट्या दिशेने डोंबिवली-कल्याणला जातात आणि तीच गाडी परत येताना त्यात बसून मुंबईला निघतात, हे रेल्वेला माहीत नाही असं नाही. रोजचा तासभर त्यातच जातो.

आणि या तासाचा हिशोब घराघरात वेगळा लागतो. बारावीनंतर मुलीला माटुंग्याच्या किंवा भायखळ्याच्या कॉलेजात पाठवायचं की जवळच्याच कुठल्यातरी कोर्सला घालायचं, हा निर्णय घेताना अब्बू-अम्मी फी बघतात, मार्क बघतात, आणि मग शांतपणे लेडीज डब्याची गर्दी बघतात. मुलगी हुशार आहे, पण 'ट्रेनमध्ये कशी जाईल ती?' हे वाक्य आपल्या किती घरांत बोललं गेलंय ते आपणच जाणतो. हा निर्णय मागासलेपणाचा म्हणून बाहेरचे नावं ठेवतात. आम्ही धर्माच्या नावाखाली मुलींना रोखतो असंही म्हणतात. काही घरांत ते खरंही असेल, लपवायचं कशाला. पण ९ जूननंतर आई घाबरली, तर तिला काय समजावणार? शिक्षणावर तकरीर करणाऱ्या आपल्या जमातींच्या जलशांत ट्रेनच्या वेळापत्रकाचा विषय कधी निघतो का? रस्त्यातली तकलीफ देणारी गोष्ट बाजूला करणं हाही ईमानाचाच भाग, असं आपण मदरशात शिकलो. रेल्वेचा प्लॅटफॉर्म त्या रस्त्यात मोडत नाही असं कोणी म्हटलं नव्हतं.

मशिदीच्या ट्रस्टींनी, शाळांच्या संस्थाचालकांनी आणि मोहल्ला कमिट्यांनी दोन गोष्टी केल्या तरी पुष्कळ होईल. आपल्या वस्तीतून रोज किती माणसं, किती वाजता, कुठे जातात याची नोंद करून ती रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकाला आणि महापालिकेच्या परिवहन समितीला लेखी द्यावी. कागदावर आकडे असलेल्या मागणीला 'बघू' म्हणून परत पाठवणं जरा कठीण जातं. आणि त्या निवेदनावर डोंबिवली-दिव्याच्या प्रवासी संघटनांच्या सह्या घ्याव्यात. गर्दीत कोणाचं नाव काय, हे दार पकडणारा हात बघत नाही.

शेवटी एक कामाची गोष्ट, जी अपघात झालेल्या घरांना बहुतेक वेळा उशिरा कळते. गाडीतून पडून मृत्यू झाला किंवा इजा झाली तर रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १२४-अ खाली रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. मृत्यूसाठी ही रक्कम ८ लाख रुपये आहे. अर्ज एका वर्षाच्या आत करावा लागतो, उशीर झाला तर सबळ कारण दाखवावं लागतं. 'तो दारात उभा होता, चूक त्याचीच' असं सांगून अर्ज फेटाळू पाहतात. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की नुसता निष्काळजीपणा म्हणजे स्वतःहून करून घेतलेली इजा नव्हे. त्याच निकालात न्यायालयाने असंही म्हटलं की मृताच्या खिशात तिकीट किंवा पास सापडला नाही एवढ्यावरून तो विनातिकीट होता असं ठरत नाही. घरच्यांनी प्रतिज्ञापत्र द्यावं, मग ते खोटं ठरवण्याचा भार रेल्वेवर जातो. रूळ ओलांडताना धडक बसली असेल तर मात्र ही भरपाई सहसा मिळत नाही. पासचा फोटो घरातल्या कोणाच्या तरी मोबाइलमध्ये ठेवा, पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल मागून घ्या, आणि दफनविधी आटोपल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच वकिलाला भेटा.